नाकाला न कळणारा जंतू

लोकल विठ्ठलवाडीला आली की डब्यातले रुमाल नाकाशी जातात. वालधुनीचा वास. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी 1060 सालच्या शिवमंदिराच्या काठाने, उल्हासनगरच्या कारखान्यांमधून आणि वस्त्यांमधून वाट काढत कल्याणपाशी उल्हास नदीच्या खाडीला मिळते. तोवर तिचा नाला झालेला असतो. पटकीचा जंतू, म्हणजे कॉलऱ्याचा, कुठे राहत असेल असं विचारलं तर दहापैकी नऊ जण या काळ्या पाण्याकडेच बोट दाखवतील.

नाकावरचा हा भरवसा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात भलेभले डॉक्टरही पटकी दुर्गंधीतून पसरते असंच मानत. 1854 साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने पटकीच्या साथीचा माग काढत ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप गाठला, तेव्हा त्या पाण्याची ख्याती फार चांगली होती. लांब हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा तेच पाणी चवीसाठी मुद्दाम मागवून घेई आणि त्यानेच ती गेली. वालधुनीच्या बाबतीत नाक अगदीच खोटं बोलत नाही, हेही खरं. 2014 मध्ये कुणीतरी तिच्यात रसायन ओतलं आणि उल्हासनगरमधल्या शेकडो लोकांना श्वास घेणं मुश्कील झालं. पण रसायनाला वास असतो, जंतूला नसतो.

या जंतूचं माहेर आहे खाडी. नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं पाणी जिथे मिसळतं, तिथलं कोमट, मचूळ पाणी त्याला मानवतं. उल्हासचं मुख वसईला, पण भरती थेट कल्याणपर्यंत जाणवते. अशा पाण्यात कोपेपॉड नावाचे चिमुकले कवचधारी जीव असतात, जेमतेम मिलिमीटरभर. कोळंबीचे दूरचे भाऊबंदच ते. त्यांचं कवच कायटिनचं. स्वल्पविरामासारखा वाकलेला आपला जंतू एका शेपटीच्या जोरावर पोहत येतो, त्या कवचाला चिकटतो, चिकट थर करून राहतो आणि कायटिन विरघळवून खातो. एका कोपेपॉडवर असे हजारो जंतू मावतात. कायटिनवर बसला की त्याला आणखी एक कला साधते: आजूबाजूच्या मेलेल्या जंतूंचे जनुकांचे तुकडे उचलायचे आणि आपलेसे करायचे. जलपर्णीच्या मुळांशीही तो जमतो, हे बांगलादेशात दिसून आलं आहे. आपल्या उल्हासवर जलपर्णीची काय कमी!

पाणी गार पडलं, खायला मिळेनासं झालं, की तो आक्रसून गोल होतो आणि वाढ थांबवतो. मरत मात्र नाही. जंतू आहेत का हे पाहायची आपली रीत म्हणजे बशीत पोषक द्रव्य घालून ते वाढतात का ते बघायचं. हा झोपलेला जंतू बशीत वाढत नाही. म्हणून साथ ओसरल्यावर पाण्यातून तो नाहीसाच होतो, अशी समजूत कित्येक वर्षं टिकली. 1982 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी ही जिवंत पण न वाढणारी अवस्था दाखवून दिली. नाक फसलं होतं, तशी बशीही फसली.

यातून एक अवघड गोष्ट समोर येते. देवी हटवता आली, कारण तो विषाणू माणसाखेरीज कुठेच राहत नव्हता. पटकीचं तसं नाही. माणूस नसता तरी हा जंतू खाडीत सुखाने नांदला असता. आपलं आतडं म्हणजे त्याच्या प्रवासातला एक मुक्काम, एवढंच. शिवाय खाडीतले त्याचे बहुतेक भाऊबंद निरुपद्रवी. रोगाचं विष तयार करणारी जनुकं मुळात एका विषाणूने त्याच्यात आणून सोडली, हे 1996 मध्ये उघड झालं. त्यामुळे 'समूळ उच्चाटन' ही भाषा मला इथे पोकळ वाटते. खाडी उकळता येत नाही.

मग करायचं काय? बांगलादेशातल्या मतलबमध्ये बायकांना जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं. 2003 साली निकाल छापून आला: पटकीचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. जंतू काही साडीत अडकत नाही, तो फार बारीक. अडकतो त्याला पाठीवर घेतलेला कोपेपॉड. हा उपाय मला फार आवडतो, कारण त्यात जंतूच्या राहणीची नीट ओळख आहे.

पण कल्याण-उल्हासनगरच्या चाळीत तो तितका कामाचा नाही. इथे धोका तळ्यातून घागरीत येत नाही, गटारातून पाइपात शिरतो, कोपेपॉडशिवाय, सुटा. शुद्धीकरण केंद्रातून क्लोरीन घातलेलं पाणी निघतं; वाटेत जलवाहिनी गटाराला खेटून जाते, सांधे गळके असतात. पाणी चालू असताना दाब आतून बाहेर असतो, म्हणून गळणारं पाणी नुसतं वाया जातं. पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि सांध्याभोवती साचलेलं पाणी आत ओढलं जातं. दिवसातून तासभर पाणी म्हणजे रोज तेवीस तास ही संधी. पाणी आल्यावर पहिल्या दोन बादल्या गढूळ येतात, त्या सांडून देतात आणि मग पिण्याचं भरायला घेतात. गढूळपणा गेला की पाणी चांगलं, हा नाकासारखाच डोळ्यांचा निवाडा. त्यात दाब कमी म्हणून कुणीतरी नळाला थेट मोटर लावतो. मोटर जोरात ओढते आणि गळक्या सांध्यापाशी जे काही असेल ते सगळ्या चाळीच्या पाइपात येतं.