संमती आणि साक्ष

नवे औषध कितीही गुणकारी ठरो, ते प्रथम कोणाच्या तरी शरीरात जाते. त्या पहिल्या माणसाचा हक्क कोणता, हा प्रश्न मंजुरीच्या विचारात विज्ञानाइतकाच मोलाचा आहे.

मुंबईत प्लेग पसरला असता डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. इथवर कोणाची तक्रार नसावी. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात रोग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली व न घेतलेल्यांशी त्यांची तुलना झाली. लस घेतलेल्यांत रोग कमी आढळला. पुढे ती लाखोंपर्यंत पोहोचली.

परंतु भिंतीआड कोंडलेल्या, मृत्यू शेजारी आलेल्या माणसाच्या होकाराला कितपत स्वेच्छा म्हणावे? फिक्हमध्ये 'रजामंदी' आणि 'इकराह' म्हणजे जबरदस्ती, यांत काटेकोर भेद आहे. तेथे उघड जबरदस्ती नव्हती, हे मान्य. तरी मोकळ्या माणसाचा होकार आणि कैद्याचा होकार एकाच तराजूत तोलणे मला पटत नाही.

आज चाचणीपूर्वी नैतिकता समितीची मान्यता लागते. आधी थोड्या लोकांवर सुरक्षितता, मग मात्रा व परिणाम, नंतर मोठ्या संख्येवर तुलना, असे टप्पे असतात. शेवटी औषध नियंत्रक लाभ आणि अपाय तोलून परवानगी देतो. औषध निर्धोक आहे, अशी ग्वाही तो देत नाही. पुरावा तपासल्याची साक्ष देतो. साक्ष ही अमानत आहे. २०१९च्या नियमांनुसार निरक्षर व्यक्तीची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. रावेरच्या केळीबागेत राबणाऱ्या, कागदावर अंगठा उठवणाऱ्या मजुरासाठी ही तरतूद मला साऱ्या नियमांत श्रेष्ठ वाटते.

३ जानेवारी २०२१ रोजी कोविडच्या दोन लसींना आणीबाणीतील मर्यादित वापराची परवानगी मिळाली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष तेव्हा हाती नव्हते. म्हणून ती 'चाचणीच्या स्वरूपात' देण्याचे ठरले व घेणाऱ्याकडून संमतीपत्र भरून घेतले गेले. निकडीची सवलत निकडीपुरतीच असते, हे फिक्हचे तत्त्व येथे कागदावर तरी पाळले गेले. मात्र दोहोंपैकी कोणती लस घ्यावी, हे निवडण्याची मुभा सुरुवातीला नव्हती. नाकारण्याची मुभा होती. ती भायखळ्याच्या कैद्यालाही होती.