बरें वाटूं लागल्यावर

शास्त्रभाग : २ राजे २०:१–७



हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला असतां त्यानें भिंतीकडे तोंड फिरवून अश्रुपात करीत प्रार्थना केली. देवानें ती ऐकून त्याच्या आयुष्यांत पंधरा वर्षांची भर घातली, हें आपण सर्व जाणतों. परंतु याच अध्यायाचें सातवें वचन आपण घाईनें वाचून पुढें जातों. अभिवचन मिळाल्यावरही यशयानें अंजिरांची ढेप आणवून राजाच्या गळवावर बांधविली. ज्या देवानें प्रार्थना ऐकिली, त्याच्याच संदेष्ट्यानें औषधही सांगितलें. राजानें तें नाकारिल्याचें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं.

या वचनाची आठवण आम्हांस एका दुःखद प्रसंगानें झाली. आमच्या मंडळींतील एका वडील बंधूंस हृदयाचा विकार होता. डॉक्टरांनीं मेटोप्रोलोल नांवाची गोळी रोज घेण्यास सांगितली होती. पुढें छातींतील कळ थांबली. शेतावर जाणेंयेणें होऊं लागलें. एका रविवारीं उपासनेच्या शेवटीं ते उभे राहिले आणि आपण विश्वासानें गोळ्या सोडल्या आहेत, अशी त्यांनीं साक्ष दिली. मंडळीनें आनंदानें गीत गाइलें. ‘डॉक्टरांस विचारलें काय?’ एवढा एकच प्रश्न आम्हीं करावयाचा होता. तो आम्हीं केला नाहीं. साक्षीच्या वेळीं शंका काढणें बरें दिसणार नाहीं, असें आमच्या मनांत आलें. त्याच आठवड्याच्या शनिवारीं पहांटे त्यांस हृदयविकाराचा झटका आला. देवदयेनें ते वांचले. पण हृदयाचा कांहीं भाग कायमचा दुबळा झाला. त्यांची पत्नी आम्हांस एवढेंच म्हणाली, “पाळकसाहेब, त्या दिवशीं तुम्ही तरी विचारायला हवें होतें.” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

ही गोळी हृदयाची धांव मंद ठेवून त्यावरील भार हलका करिते. शरीर तिला सरावतें. ती एकाएकीं बंद केली, तर शरीरांतील ॲड्रिनलिन नामक द्रव्याचा परिणाम हृदयावर पूर्वींपेक्षां अधिक जोरानें होतो. नाडी धांवूं लागते, रक्तदाब चढतो, आणि कधीं झटकाही येतो. म्हणून ती थांबवावयाची झाल्यास डॉक्टर एकदोन आठवड्यांत थोडीथोडी कमी करितात. तसेंच ज्यांच्या हृदयाच्या धमनींत स्टेंट नांवाची जाळीदार नळी बसविली आहे, त्यांनीं रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या मुदतीपूर्वीं सोडल्या, तर त्या नळींत गुठळी होऊन मार्ग बंद पडण्याचें भय असतें. आपणांस बरें वाटतें तें पुष्कळदां त्या गोळीमुळेंच. दिवा चांगला जळत आहे, म्हणून कोणी त्यांतील तेल काढून घेतो काय?

मात्रा आपल्या मनानें वाढविणेंही तितकेंच घातक आहे. इंग्लंडांत विल्यम विदरिंग नांवाच्या वैद्यानें १७८५ सालीं फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यांत चालत आलेल्या एका काढ्याचा गुण या झाडांत आहे, हें ओळखून त्यानें कित्येक वर्षें रोगी पाहून मात्रेचा अभ्यास केला. त्याच जातीच्या वनस्पतीपासून मिळणारें डिगॉक्सिन आजही हृदयरोग्यांस देतात. पण थोडें अधिक झालें कीं तेंच विष होतें. पान देवानें निर्माण केलें. प्रमाण मात्र मनुष्यास धीरानें शिकावें लागलें. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपण घेऊं नये, आणि डॉक्टरांस न कळवितां काढाही सुरू करूं नये.

कोणी विचारील, “मग देवावरील विश्वास कोठें राहिला?” मत्तयाच्या आठव्या अध्यायांतील कुष्ठरोगी पाहा. प्रभूनें स्वतः हात लावून त्यास शुद्ध केलें. तरी त्यास याजकाकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगितलें, कारण तपासण्याचें काम याजकाकडे होतें. खरें आरोग्य तपासणीस भीत नाहीं. देवानें आपणांस बरें केलें असेल, तर तें डॉक्टरांस दिसेल आणि तेच गोळी कमी करितील. पौलानें लूकास प्रिय वैद्य म्हटलें, त्यानें त्याचा विश्वास उणा झाला नाहीं.

गोळ्या सोडण्याचीं कारणें नेहमीं हट्टाचींच असतात, असें आम्ही म्हणत नाहीं. कोणास घेरी येते, कोणाची नाडी फार मंद होते, कोणाच्या घरीं पैसा नसतो. घेरी येत असेल, तर तें त्याच दिवशीं डॉक्टरांस सांगा. दुसरी गोळी असूं शकेल. उपवास धरावयाचा असेल, तर आधीं विचारा. पैसा नसेल, तर लाज न धरितां पाळकांस सांगा, आणि मंडळीनें रविवारच्या दानांतून त्या घरची गरज भागवावी. इस्पितळ दूर असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत चौकशी करा. छातींत कळ आली, तर सकाळची वाट पाहूं नका. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आम्हीं आतां असा नेम केला आहे कीं, औषध सोडल्याची साक्ष कोणी दिली, तर आधीं त्याजबरोबर डॉक्टरांकडे जावें आणि मग स्तुतिगीत गावें. ते बंधू आतां रोज प्रार्थना करून गोळी घेतात. प्रियांनो, तुमचेंही तसेंच होवो. ज्यानें हिज्कीयाचे अश्रू पाहिले व त्यास औषधही दिलें, तो प्रभु आपणां सर्वांस विश्वास व सुबुद्धि देवो. आमेन.