आपली साथ आपणच

'साथ' हा शब्द संगीतातून संसारात आला की संसारातून संगीतात गेला, याचा निवाडा भाषेच्या अभ्यासकांनी करावा. आम्हांला एवढेच दिसते की, दोन्हीकडे या शब्दात दुसरा माणूस गृहीत धरलेला असतो. तबलजी साथ करतो, सहधर्मचारिणी साथ देते, मित्र साथ सोडतो. मग जो स्वतःच स्वतःची साथ करतो, त्याच्या कृतीला काय म्हणावे? ती साथ, की साथीचा भास? प्रश्न वरवर पाहता शब्दच्छलाचा वाटेल. परंतु नोकरी संपून, मुले दूरदेशी जाऊन, तीन खोल्यांच्या घरात दोनच माणसे, आणि पुढे केव्हातरी एकच माणूस उरल्यावर तो शब्दच्छलाचा राहत नाही, हे आमच्या पिढीच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

हा प्रश्न एका परदेशी वाद्याच्या निमित्ताने तपासून पाहावासा वाटतो. मशकीचे वाद्य म्हटले की आम्हां हैदराबादकरांना सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवरील संचलन आठवते. ताठ उभे राहून, गाल फुगवून वाजवायची ती मशक स्कॉटलंडची. तिचे आयर्लंडमधील भावंड, इलन पाइप्स, हे मात्र बसून वाजवतात आणि त्यात तोंडाने फुंकणे नाही. एका कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत मशक, अशी रचना असते. वाद्याचे नावच आयरिश भाषेतील कोपरावरून पडले आहे. दोन्ही हातांची बोटे सुरावटीच्या नळीवर गुंतलेली असतात आणि तीन नळ्या खालून एकच आधारस्वर अखंड धरून ठेवतात. आपल्या मते येथे वाद्य पुरे झाले. पण पूर्ण संचाच्या वाद्यात मांडीवर आडव्या आणखी तीन नळ्या असतात. त्यांना रेग्युलेटर म्हणतात. त्यांची टोके बंद असतात. किल्ली दाबावी तेव्हाच त्या बोलतात. किल्ल्या साधारणपणे तेरा. आता बोटे तर मोकळी नाहीत. मग या किल्ल्या दाबायच्या कशाने? खालच्या हाताच्या मनगटाच्या कडेने! मनगट आडवे टेकले की दोन-तीन नळ्या एकदम बोलतात आणि चालू सुरावटीखाली कॉर्ड उमटते. सुरावट वरच्या हातापुरती उरली, तर खालचा हात क्षणभर तिकडून सोडवून बोटांनीही त्या किल्ल्या दाबता येतात. गाणारा तोच, साथ करणाराही तोच.

ही विद्या हस्तगत करण्याचा क्रम मोठा मार्मिक आहे. विद्यार्थ्याला आरंभी भाता, मशक आणि सुरावटीची नळी एवढेच मिळते. मग आधारस्वराच्या नळ्या जोडून अर्धा संच होतो. रेग्युलेटर सर्वांत शेवटी. सात वर्षे शिकण्याची, सात रियाजाची आणि सात वाजवण्याची, अशी एकवीस वर्षे गेल्यावर वादक तयार होतो, असे तिकडे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती असली तरी तिचे कारण समजण्यासारखे आहे. मनगटाकडे लक्ष गेले की बोटे अडखळतात. बोटांकडे गेले की कोपराचा दाब ढळतो आणि स्वर हलतो. बोटांचे काम अंगवळणी पडून मन तेथून मोकळे झाल्याखेरीज मनगटाला बोलायला सांगता येत नाही. नवशिक्याला किल्ली सापडली की तो प्रत्येक मात्रेवर ती दाबत सुटतो. आपल्याकडे सतार शिकणाऱ्याला चिकारीच्या तारा हाती लागल्यावर काही दिवस हेच होते. घरच्यांना त्याचा अनुभव असतो. लिओ राउसम (१९०३-१९७०) यांच्यासारखे थोर वादक रेग्युलेटरचा सढळ उपयोग करीत, तर काही वादक ते मोजकेच बोलू देतात. यातले श्रेष्ठ कोणते, हा रुचीचा प्रश्न आहे. पण केव्हा बोलायचे आणि केव्हा गप्प राहायचे, हे दोघांनाही शिकावेच लागते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण आमच्या तेलुगू शेजाऱ्यांच्या मंगलकार्यात होते. नादस्वराच्या जुन्या ताफ्यात 'ओत्तू' नावाचे लांब वाद्य घेऊन एक माणूस उभा असे. त्याचे काम एकच, आधारस्वर धरणे. मुहूर्त येवो, अक्षता पडोत, त्याने आपला स्वर सोडायचा नाही. आज त्याच्या जागी बहुतेक ठिकाणी विजेवरची श्रुतिपेटी आहे. ती दमत नाही, मानधन मागत नाही, जेवणाच्या पंगतीत बसत नाही. सोय झाली हे खरे; पण त्या स्वरामागे आता कोणाचाही श्वास नाही. रेग्युलेटरला पेटीच्या पंक्तीला बसवणे आम्हांस मान्य नाही. पेटीची कळ एकदा दाबली की सुटका. मनगटाला मात्र दर वेळी स्वतःहून वाकावे लागते. ज्या साथीला आपले काही वेचावे लागते, ती केवळ भास असू शकत नाही.

तरीही एक शंका उरते, आणि ती आमच्या पेशातून आलेली आहे. सरकारी कामकाजात देयक तयार करणारा अधिकारी वेगळा आणि ते तपासून मंजूर करणारे कोषागार वेगळे ठेवलेले असते. दोघे एक झाले की काय होते, ते लेखापरीक्षणाचे अहवाल सांगतात. माणूस वाईटच असतो म्हणून नव्हे; स्वतःची टिपणी स्वतःला नेहमीच सुबोध आणि सयुक्तिक वाटते म्हणून. आपली साथ आपणच करणाऱ्याचेही असे होण्याचा संभव असतो. तबलजी लय ढळू देत नाही, प्रसंगी गायकाकडे रोखून पाहतो. रेग्युलेटर तसे करू शकत नाहीत. कारागिराने जे स्वर त्यांत घातले तेवढेच ते बोलणार, आणि तेही वादकाने दाबले तर. एकट्या माणसाच्या मनातला सोबती पुष्कळदा असाच होकार देणारा असतो. मुंडकोपनिषदात एका झाडावर बसलेले दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहतो. तो दुसरा पक्षी पहिल्याची वाहवा करतो, असे कोठेही म्हटलेले नाही. आपल्या आतला साथीदार त्या जातीचा आहे की होयबा आहे, हे ओळखणे एकवीस वर्षांच्या रियाजाहूनही कठीण असावे.

येथे आमच्याच शहराशी निगडित एका थोर गायकाचे स्मरण होते. उस्ताद बडे गुलाम अली खाँ स्वरमंडल मांडीवर घेऊन गात. रागाप्रमाणे तारा मिळवायच्या आणि गाता गाता त्यांवरून आपलाच हात फिरवायचा. ही गायकाने स्वतःलाच केलेली साथ. तीही आधी मिळवून ठेवलेले तेवढेच बोलते. खाँसाहेबांचा गळा तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा. अशा गायकाला आणखी कोणाची गरज काय, असे कोणालाही वाटावे. तरी मैफलीत तबला असे, सारंगी असे. अखेरच्या वर्षांत दीर्घ आजाराने त्यांच्या शरीराचा काही भाग लुळा पडला, तेव्हाही ते लोकांसमोर गायले. आणि त्या गाण्याला त्यांचे चिरंजीव मुनव्वर अली खाँ यांच्या गळ्याचा आधार असे. १९६८ साली बशीरबाग पॅलेसमध्ये खाँसाहेबांनी अखेरचा श्वास घेतला. त्या भागातील रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.