यंत्राचा जीर्णोद्धार

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाणारा रस्ता सातपूरच्या औद्योगिक वसाहतीवरून पुढे जातो, आणि त्या रस्त्याच्या शेवटी जे देवालय आहे ते स्वतःच एका जीर्णोद्धाराचे फळ आहे. जुन्या देवालयाच्या जागी बाळाजी बाजीराव पेशव्यांनी 1755 मध्ये काळ्या पाषाणाचे बांधकाम सुरू करविले, ते त्यांच्या हयातीनंतर 1786 मध्ये पुरे झाले, आणि भिंती, मंडप, शिखर ही सारी नवी झाली तरी देव नवा झाला असे कोणी म्हटले नाही. सातपूरच्या लहान कारखान्यांच्या कचेऱ्यांत हाच प्रश्न आज अगदी साध्या वेषात उभा आहे. ज्या संगणकावर वर्षानुवर्षे बिले निघाली, ड्रॉइंगे उघडली आणि कामगारांच्या पगाराची पत्रके तयार झाली, तो आता थकला आहे; 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि पुढच्या आवृत्तीला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय व साधारणपणे 2017 नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तेव्हा जुने कॅबिनेट तसेच ठेवून त्यात नवे अवयव बसवावेत, की सारेच मोडीत काढून नवा संगणक उभा करावा, याचा निवाडा मालकाला करावा लागतो. हा निवाडा केवळ खर्चाचा आहे असे मला वाटत नाही. एखादी वस्तू बदलूनही तीच राहते ती कशामुळे, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर हाती आल्यावाचून खर्चाचा हिशेबही नीट मांडता येत नाही.

अशा कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडून आत पाहावे. पंख्याच्या पात्यांच्या कडांवर धुळीचा जाड थर बसलेला असतो, आणि शेजारी ग्राइंडिंगचे काम चालत असेल तर त्यात धातूची करडी भुकटीही मिसळलेली असते. मदरबोर्डावरच्या एखाद्या कपॅसिटरचे सपाट डोके फुगून वर आलेले असते. पुढचा पांढरा प्लास्टिकचा मुखवटा पिवळा पडलेला असतो. पण पत्र्याचा सांगाडा मात्र सरळ असतो, आणि मदरबोर्ड ज्यांवर टेकतो ते पितळेचे ठोकळे जसेच्या तसे घट्ट असतात. जे सर्वांत कमी बुद्धीचे तेच सर्वांत अधिक टिकले, असे हे दृश्य आहे.

अशा वेळी मराठी मनाला प्रथम आठवतो तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त. परंतु तो येथे नीटसा लागू पडत नाही. तेथे वस्त्रे बदलणारा देही अविकारी आहे, म्हणून वस्त्रांच्या बदलाने त्याच्या स्वरूपाला बाध येत नाही. संगणकात असा अविकारी देही दाखविता येत नाही. प्रोसेसर बदलतो, स्मृती बदलते, आणि जिच्यात सारा जमाखर्च साठलेला आहे ती हार्ड डिस्कही एक दिवस बदलावीच लागते. मग तो संगणक म्हणजे नेमके काय?

वैशेषिकांनी या प्रश्नाला मोठे कठोर उत्तर दिले आहे. अवयवी हा अवयवांहून भिन्न असा स्वतंत्र पदार्थ आहे असे ते मानतात, आणि म्हणूनच वस्त्रातला एक धागा काढला तरी पहिले वस्त्र नष्ट होऊन दुसरे उत्पन्न झाले असे त्यांना म्हणावे लागते. या न्यायाने पंखा बदलला तरी संगणक नवा ठरेल. दुसऱ्या टोकाला बौद्धांचा विचार आहे. मिलिंद या यवन, म्हणजे ग्रीक, राजाला भिक्षू नागसेनाने रथाचे एकेक अंग दाखवून विचारले की यांपैकी रथ कोणता, आणि रथ हे या साऱ्या अंगांच्या जुळणीला दिलेले व्यवहारातले नाव आहे हे त्याच्याकडूनच वदवून घेतले. ग्रीकांनीही एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या गलबताविषयी असाच प्रश्न विचारला होता, आणि सातपूरच्या दक्षिणेस पांडवलेण्यांत इंद्राग्निदत्त नावाच्या एका यवनाने खोदविलेले लेणे आजही आपल्या शिलालेखासह उभे आहे. तेव्हा यवन आणि श्रमण यांची गाठ आपल्या नाशिकच्या डोंगरालाही अपरिचित नाही. नागसेनाचे उत्तर मला अधिक जवळचे वाटते, तरी ते एका ठिकाणी अपुरे पडते. नाव केवळ व्यवहारातले आहे हे मान्य केले, पण तो व्यवहार एका जुळणीला तेच नाव चालू ठेवतो आणि दुसरीला नाकारतो, तो कोणत्या आधारावर?

तो आधार मला त्या कचेरीतल्या खतावणीत सापडतो. जुन्या डिस्कवरचा सारा हिशेब नव्या डिस्कवर उतरविला की दोन प्रती तयार होतात, आणि त्यांत एका अक्षराचाही फरक नसतो. द्रव्याच्या दृष्टीने पाहिले तर जुनी खरी. मजकुराच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही सारख्याच खऱ्या. पण कारखान्याच्या दृष्टीने उद्याची नोंद जिच्यात होणार तीच एक खरी, आणि दोन्हींत नोंदी होऊ लागल्या तर थोड्याच दिवसांत कोणतीच खरी राहणार नाही. म्हणजे वस्तूचे तेपण तिच्या द्रव्यात नाही, आकारात नाही, आणि तिच्यात साठलेल्या स्मृतीतही पुरते नाही. तिच्यावर विसंबून असलेल्या माणसांचे देणे पुढे चालविण्याची जबाबदारी जी वस्तू उचलते, तिच्यात ते असते. आपल्या परंपरेत वस्तूच्या या जबाबदारीला धर्म म्हणतात, आणि धर्म अखंड चालू राहिला तर वस्तू अखंड राहिली असे मानण्यास मला अडचण दिसत नाही.

हे तत्त्व हाती आले की प्रत्येक अवयवाला एकच प्रश्न विचारता येतो: या वस्तूच्या धर्मात तुझा वाटा कोणता? सातपुरात जुन्या लेथचे रिकंडिशनिंग करणारे कारागीर हा प्रश्न रोज सोडवीत असतात. ते मोटार बदलतात, कंट्रोलर नवा बसवितात, पण बिडाचा बेड सहसा टाकत नाहीत. त्याच्या मार्गिका खरवडून पुन्हा समतल करतात, कारण यंत्राची अचूकता त्या बेडावर उभी आहे, आणि वर्षे लोटून आतले ताण निवळलेले बीड नव्या ओतकामापेक्षा अधिक स्थिर असते. लेथचा सांगाडा त्याच्या धर्माचा गाभा आहे. संगणकाच्या सांगाड्याकडे तीनच कामे आहेत: अवयवांना आधार देणे, विजेला जमिनीकडे वाट करून देणे, आणि वारा खेळता ठेवणे. म्हणून त्याचे मोल लेथच्या बेडाइतके समजणे हा मोह होईल. आणि ही तीन कामे तो चोख करीत असताना केवळ पिवळा पडला म्हणून त्याला भंगारात घालणे, हा कृतघ्नपणा होईल.

शिल्पशास्त्रात भग्न मूर्तीविषयी असाच विवेक सांगितला आहे: मुख्य अंग भंगले तर मूर्तीचे विसर्जन करून नवी घडवावी, उपांगाची हानी असेल तर दुरुस्तीने भागवावे. हाच विवेक येथे लावावा. कॅबिनेट एटीएक्स मापाचे असेल तर 1995 मध्ये ठरलेली ती छिद्रे आजच्या मदरबोर्डालाही जुळतात, आणि आधाराचे काम निर्वेध चालते. पुढून हवा आत येण्यास वाट नसेल, मागे 80 मिलिमीटरचा लहानसा पंखा असेल, तर तेथे 120 मिलिमीटरचे छिद्र पाडून जाळी बसविणे हे सातपुरातल्या कोणत्याही पत्राकाम करणाऱ्याला अवघड नाही. अवयव उतरवून रिकामा सांगाडा पावडर कोटिंगला दिला तर तो नव्यासारखा होऊन परत येतो. ही उपांगांची हानी झाली. परंतु सांगाडा एखाद्या कंपनीच्या स्वतंत्र मापाचा असेल, नवा मदरबोर्ड बसतच नसेल, किंवा पत्रा गंजून सडला असेल, तर मुख्य अंगच भंगले असे समजावे आणि नव्या उभारणीला निःसंकोच लागावे. एसएमपीएसविषयी मात्र दयामाया नको. जुना वीजपुरवठा नव्या अवयवांना जोडणे म्हणजे एकाच्या जीर्णतेने साऱ्यांना धोक्यात घालणे होय.

कायदाही आपल्या परीने हाच प्रश्न सोडवितो. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, आणि अपग्रेडसाठी मदरबोर्ड बदलला की करारनाम्याच्या दृष्टीने तो संगणक नवा ठरतो. हा निवाडा कंपनीच्या हिताचा आहे. परवान्याचा खर्च मालकाने अवश्य धरावा; पण आपला संगणक कोणता, हे ठरविण्याचा अधिकार त्या कागदाकडे सोपवू नये.

राहिला विधीचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जीर्णोद्धारात मूर्तीला हात लावण्यापूर्वी तिच्यातील दैवी तत्त्व मंत्रपूर्वक कलशातील जलात आणून ठेवतात, आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित करतात. स्क्रू काढण्यापूर्वी सारा दफ्तरी मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरविणे, आणि ती प्रत उघडून तपासून पाहणे, हा त्याच क्रमाचा संसारी आचार आहे. ज्याने हे केले नाही त्याने सोन्याचे कॅबिनेट घेतले तरी त्याचा संगणक हरवलाच. काढलेल्या अवयवांचेही एक देणे उरते. जुन्या जोडकामात शिसे असते, म्हणून ते उकिरड्यावर न टाकता, डिस्क पुसून, 2022 च्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रीकरण केंद्राकडे पोचवावेत. जुने राखणे किंवा नवे घडविणे, दोन्ही मार्ग धर्म्य असू शकतात. ज्यांचे वेतन, ज्यांची बिले, ज्यांचा भरवसा त्या पेटीवर उभा आहे, त्यांच्या कामात खंड पडू न देता जो मार्ग पार पडतो तो योग्य. आणि दोन्हींनी ते साधत असेल, तर पृथ्वीवर कमी भार टाकणारा मार्ग, म्हणजे बहुधा जुना सांगाडा राखण्याचा मार्ग, मी निवडीन.