मार्कालाही घेऊन ये

ज्याच्या नावाचे शुभवर्तमान आपण वाचतो, तो मार्क एकदा सेवा अर्ध्यावर टाकून घरी परतला होता. पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर त्याने कुप्र बेट पालथे घातले. पण समुद्र ओलांडून पंफुल्यातील पिर्गा गाठल्यावर त्याने यरुशलेमची वाट धरली. का, हे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितलेले नाही. पुढच्या फेरीच्या वेळी बर्णबा म्हणाला, मार्कालाही नेऊ. पौलाने साफ नकार दिला. वाद इतका विकोपाला गेला की दोघे सहकारी वेगळे झाले. पौलाने सीलाला बरोबर घेतले, बर्णबाने मार्काला.

पौलाचे म्हणणे गैर नव्हते. वाटेत दगडांचा मारा होता, तुरुंग होता. तिथे मध्येच पाय मागे घेणारा सोबती कोणाला हवा असतो? बर्णबालाही मार्काचा दोष दिसत होता. तरी त्याने त्याला पुन्हा त्याच कुप्रला नेले, त्याच कामाला लावले.

वर्षे गेली. पौल रोममध्ये बेड्यांत आहे, हिवाळा तोंडावर आला आहे. सोबती देमास सोडून गेला. जवळ एकटा लूक. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पौल त्रोवसात राहिलेला झगा मागवतो, चर्मपत्रे मागवतो. पण त्याआधी सांगतो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११). ज्याला एकेकाळी नाकारले, त्याचीच आज त्याला गरज भासते.

मंडळीची जुनी परंपरा सांगते की पेत्राच्या तोंडून ऐकलेले मार्काने लिहून ठेवले. सांगणारा प्रभूला तीनदा नाकारणारा, लिहिणारा वाटेतून परतलेला! म्हणूनच असेल, या शुभवर्तमानात शिष्यांची भीती आणि मंदपणा झाकलेला नाही. रिकाम्या कबरेपाशी स्त्रियांना मिळालेला निरोप शिष्यांसाठी आहे, आणि त्यात पेत्राचे नाव वेगळे घेतलेले आहे. हे नाव फक्त मार्काने नोंदवले. पडलेल्या माणसाला आपले नाव पुन्हा घेतले जाण्याची किती ओढ असते, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

आधी मी नीट होईन, मग देवाच्या कामाला लागेन, असे आपण मनाशी ठरवतो. कोणाचा रागीट स्वभाव आड येतो, कोणी संडे स्कूलचा वर्ग मध्येच सोडलेला असतो आणि आता मंडळीत मान वर करवत नाही. देव मात्र आपण निर्दोष होण्याची वाट पाहत थांबत नाही. तो हाती काम देतो आणि ते करता करताच आपल्याला घडवतो. आपले पडणेही वाया जाऊ देत नाही. त्यातून दुसऱ्या पडलेल्याला उठवण्याची समज देतो. ज्या कामापासून आपण तोंड लपवतो आहोत, त्याच्याकडे आज एक पाऊल टाकू या.

प्रार्थना: प्रभू येशू, मी अर्धवट सोडलेले काम तुला ठाऊक आहे. ते पुन्हा माझ्या हाती दे. आणि ज्याला सगळ्यांनी बाजूला सारले आहे, त्याला सोबत घेण्याचे बर्णबाचे मन मला दे. आमेन.