छाटणी कोणासाठी?



रोपवाटिकेत मांडलेली जास्वंदीची कुंडी पाहिली की मन मोहून जाते. झाड जेमतेम हात-दीड हात उंच, पाने दाट, फांद्या आखूड आणि प्रत्येक फांदीवर कळ्या. कुठे पिवळे फूल, कुठे केशरी, कुठे दुहेरी पाकळ्यांचे गुलाबी. हौसेने आपण ते घरी आणतो, गडग्याच्या कडेला जांभ्याच्या मातीत खड्डा खणून, शेणखत घालून लावतो. काही महिने जातात आणि झाडाचे रूप पालटते. पेरे लांब होतात, फांद्या वर धावतात, एखादी रस्त्यावर डोकावते. "झाड बिघडलं," असे आपण म्हणतो. खरे पाहता ते बिघडलेले नसते. ते आता कुठे स्वतःच्या स्वभावाप्रमाणे वाढू लागलेले असते.

मग आधी ते एवढे आटोपशीर कसे होते? काही जाती मुळातच बुटक्या असतात. पण विक्रीसाठी वाढवलेल्या कुंडीतल्या जास्वंदीला बऱ्याचदा वाढ रोखणारे औषध दिलेले असते. क्लोरमेक्वाट किंवा पॅक्लोब्यूट्राझॉल ही त्यांची नावे. झाडात जिबरेलिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि त्याच्यामुळे पेरे लांबतात. ही औषधे ते संप्रेरक तयारच होऊ देत नाहीत. औषधाचा अंमल उतरला की दाबून ठेवलेली वाढ पुन्हा सुरू होते.

रत्नागिरीकरांना हे नवे नाही. हापूसच्या कलमांना आपण जे 'कल्टार' घालतो ते पॅक्लोब्यूट्राझॉलच. हापूस एक वर्ष भरपूर धरतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो. त्याने दरवर्षी मोहोर द्यावा म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या औषधाची शिफारस केली. झाडाच्या घेराप्रमाणे मोजून, जुलै-ऑगस्टमध्ये, बुंध्याभोवतीच्या मातीत ते द्यायचे असते. प्रमाण सांभाळले, खतपाणी दिले तर बागायतदाराचा संसार त्यावर चालतो. प्रमाण सोडून वर्षानुवर्षे ओतत राहिले तर पालवी खुरटते, मोहोर आखूड आणि गुच्छासारखा येतो.

झाड आटोपशीर ठेवण्याचा दुसराही एक मार्ग आहे. तो जुना आहे आणि त्याला वेळ लागतो. तो म्हणजे छाटणी. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटव्यावर. जुनी फांदी नुसतीच लांबत गेली तर बुंध्याकडे झाड उघडे पडते आणि फुले दूर शेंड्याला जातात. म्हणून पाऊस ओसरला की वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढायच्या. बाकीच्या फांद्यांचा साधारण तिसरा हिस्सा, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडे वर, धारदार कात्रीने कापायचा. त्या डोळ्यातून फुटवा येतो आणि त्याला कळ्या धरतात. छाटल्यावर झाडाला पाणी द्यावे लागते, पिठ्या ढेकूण लागला का ते पाहावे लागते आणि काही आठवडे वाट पाहावी लागते.

लांबून पाहणाऱ्याला दोन्ही झाडे सारखीच दिसतात. दोन्ही ठेंगणी आणि दोन्ही फुलांनी भरलेली. पण एकाची वाढ मोकळी केलेली असते आणि दुसऱ्याची आतूनच अडवलेली असते. आज मनन करायचे आहे ते याच फरकावर. माणसाला शिस्त लावणे आणि माणसाला खुंटवणे हे बाहेरून पुष्कळदा एकसारखे दिसते. मग ते ओळखायचे कसे?

संत योहानाच्या शुभवर्तमानातील पंधरावा अध्याय आपल्या परिचयाचा आहे. प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी. फळ देणाऱ्या फांदीला अधिक फळ यावे म्हणून पिता तिची छाटणी करतो. मूळ ग्रीक भाषेत छाटण्यासाठी जो शब्द आला आहे त्याचा अर्थ 'स्वच्छ करणे' असाही आहे. पुढच्याच वचनात येशू शिष्यांना सांगतो, की त्याच्या शब्दामुळे ते आधीच शुद्ध झालेले आहेत. म्हणजे या माळ्याच्या हातातील कात्री ही शब्दाची आहे. आणि ज्या फळासाठी छाटणी होते ते फळ कोणते, हेही तो त्याच अध्यायात स्पष्ट करतो. ते फळ म्हणजे एकमेकांवरील प्रीती.

हा दाखला वाचताना आईवडील, शिक्षक, पुढारी, आपण सगळेच नकळत स्वतःला माळ्याच्या जागी उभे करतो. दाखल्यात मात्र आपल्याला ती जागा दिलेलीच नाही. माळी पिता आहे आणि आपण सारे फांद्या आहोत. मुलगाही फांदी आणि बापही फांदीच. मुलांना वाढवताना कात्री आपल्या हाती येते ती उसनी, मालकाच्या वतीने थोडा वेळ वापरण्यासाठी. जास्वंद आपल्या सोयीसाठी ठेंगणी ठेवली तर त्यात पाप नाही, कारण झाड आपल्या उपयोगासाठी असू शकते. माणूस मात्र कोणाच्याही सोयीसाठी निर्माण झालेला नाही.

आपल्या घरात डोकावून पाहू या. मुलीला नर्सिंगला जायचे आहे, गुण आहेत, प्रवेशही मिळतो आहे. पण "घरचं कोण बघणार?" या एका वाक्यावर अर्ज तसाच राहतो. मुलाला मुंबईला किंवा बोटीवर जायचे आहे, तर आईचे डोळे भरून येतात आणि तो पुढे बोलतच नाही. सून चांगली गाते, पण गायनमंडळात तिने जायचे नाही, कारण लोक काय म्हणतील! धर्मग्रामातही तरुणांनी खुर्च्या लावायच्या, पण त्यांना मत विचारायचे नाही, हे आपल्याला नवीन नाही. यात कोणी ओरडत नाही, मारत नाही. औषधासारखे थेंबाथेंबाने मुळाशी जाते. काही वर्षांनी ते माणूस शांत, आज्ञाधारक, आटोपशीर दिसते आणि आपण त्याचे कौतुक करतो. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिताना बापांना बजावले आहे, की मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खचून जातील. ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्येही (परिच्छेद २२३०) व्यवसाय आणि जोडीदार निवडताना आईवडिलांनी मुलांवर दबाव आणू नये, असे सांगितले आहे. समजुतीचा सल्ला मात्र त्यांनी जरूर द्यावा.

याचा अर्थ मुलांना कधी नाही म्हणायचेच नाही असा मुळीच नाही. न छाटलेल्या जास्वंदीची गत आपण पाहिलीच. रात्र रात्र मोबाईल, वाईट संगत, दारू, उधळपट्टी यांना नाही म्हणावेच लागते आणि ते ठामपणे म्हणावे लागते. जे प्रेम कधीच नाही म्हणत नाही त्याला पुष्कळदा फक्त भांडण टाळायचे असते. म्हणून नाही म्हणण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. या नकाराने लाभ कोणाचा, त्याचा की माझा? कापल्यानंतर नवा फुटवा येईल अशी एखादी वाट मी मोकळी ठेवली आहे का? आणि छाटल्यावर पाणी घालायला, वाट पाहायला मी तिथे असणार आहे का? तिन्ही उत्तरे प्रामाणिकपणे देता आली तर ती छाटणी. पहिल्याच प्रश्नाला मन कचरले तर हात थोडा थांबवावा.

आणखी एक गोष्ट. काही जास्वंदी मुळातच बुटक्या असतात, हे वर आलेच आहे. त्यांना खत घालघालून उंच करता येत नाही आणि करूही नये. शेजाऱ्याचा मुलगा इंजिनियर झाला म्हणून आपल्या मुलाला ताणणे हाही जुलूमच. देवाने ज्याला जेवढी उंची दिली, तेवढी त्याने निर्भयपणे गाठावी.

नाझरेथच्या पवित्र कुटुंबाकडे पाहू या. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात राहिला, तेव्हा मरिया आणि योसेफ तीन दिवस कासावीस होऊन त्याला शोधत होते. सापडल्यावर मरियेने त्याला जाब विचारला. त्याचे उत्तर त्यांना उमगले नाही. तरीही तिने त्याला गप्प केले नाही, ते सारे अंतःकरणात ठेवले. येशूही त्यांच्याबरोबर नाझरेथला परतला, त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला, असे संत लूक सांगतो. त्या घरात आज्ञापालनही होते आणि वाढही होती. एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागला नाही.

जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळी मिटते. ते झाडाजवळ राहत नाही. कधी पवित्र मरियेच्या ग्रोटोपुढे वाहिले जाते, तर कधी गणपतीच्या दिवसांत शेजारची काकू लाल फुले मागून नेते. आपल्या घरात वाढणारी माणसेही अशीच, दुसऱ्यांना देण्यासाठी फुललेली. या आठवड्यात घरातल्या एका तरी व्यक्तीला जवळ बसवून विचारू या, "तुला काय व्हावंसं वाटतं?" आणि उत्तर पुरते होईपर्यंत मध्ये बोलू नये.

हे पित्या, तूच आमचा माळी आहेस. आमच्यातले जे वाळले आहे ते काढून टाक. आमच्या हाती दिलेल्या माणसांना खुंटवण्यापासून आम्हाला आवर आणि त्यांची वाढ पाहून आनंदी होण्याचे मन दे. आमेन.