सोपवलेला माणूस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या वहिनींच्या आत्याबाई नाशिकहून पुण्यास यावयाच्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे अधू. मी त्या सुमारास नाशिकला निघालो होतो, तेव्हा वहिनींनी मोठ्या विश्वासाने सांगितले, "भाऊजी, परत येताना आत्याबाईंना तेवढं घेऊन या." मी हो म्हटले. पुढे माझे काम लांबले, आणि मी एक भाड्याची मोटार ठरवून, पैसे आगाऊ देऊन, म्हातारीला तीत बसवून दिले. वाटेत संगमनेरच्या अलीकडे मोटारीत बिघाड झाला. चालकाने आत्याबाईंना एका बंद टपरीच्या आडोशाला बसवले आणि तो कारागीर शोधायला गेला, तो अडीच तासांनी परतला. एप्रिलचे ऊन. रात्री घरी पोचल्या त्या ग्लानीतच. सुदैवाने चार दिवसांत बऱ्या झाल्या. वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "मी तुमच्यावर सोपवलं होतं." यावर मी जे उत्तर दिले ते मला अजून टोचते. मी म्हणालो, "अहो, मोटारवाला तसा निघाला, त्याला मी काय करणार?"

हे उत्तर खोटे नव्हते, आणि त्यातच त्याची खरी लबाडी होती. मोटारवाला खरोखरच तसा निघाला होता. परंतु वहिनींनी आपली आत्या मोटारवाल्यावर सोपवली नव्हती. तो कोण, कुठला, हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्याची निवड माझी, त्याच्याशी ठराव माझा, आणि त्याला पुढे करून मागे उभा राहिलो तोही मीच.

हेच उत्तर पुढे मला एका दूरच्या देशाच्या कागदपत्रांत सरकारी भाषेत भेटले, तेव्हा मी दचकलो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील वाळवंटी मुलखात लॅव्हर्टन नावाचे लहानसे गाव आहे. २००८ सालच्या २६ जानेवारीस तेथे पोलिसांनी सेहेचाळीस वर्षांच्या एका आदिवासी गृहस्थास दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल पकडले. (ही तारीख आपल्याप्रमाणे त्यांचाही राष्ट्रीय सणाचा दिवस.) वॉरबर्टनकडच्या आपल्या समाजात ते मान्यवर वडीलधारे होते. त्या समाजात मृताचे पहिले नाव उच्चारीत नाहीत, म्हणून त्यांचा उल्लेख 'मिस्टर वॉर्ड' एवढाच होतो, आणि मीही तेवढाच करतो. जामीन नाकारला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना कॅल्गूर्लीस न्यावयाचे ठरले. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर, प्रवास जवळजवळ चार तासांचा, आणि बाहेरचे तापमान चाळीस अंशांच्या वर.

कैदी नेण्याआणण्याचे हे काम राज्य सरकारने खाजगी कंपनीला ठेक्याने दिले होते. त्या वेळी ठेका जीएसएल नावाच्या कंपनीकडे होता. त्याच वर्षी ती जी फोर एस या मोठ्या कंपनीत सामील झाली. गाडी मात्र सरकारी खात्याच्या मालकीची होती. मागच्या बाजूस पत्र्याची कोठडी, तिच्यातील गारवा देणारे यंत्र नादुरुस्त. पुढे कंपनीचे दोन नोकर बसले होते, त्यांच्याकडचे यंत्र चालू होते. वॉर्ड यांच्याजवळ पाण्याची एक लहान बाटली, बस्स. कोठडीत उष्णता पन्नास अंशांच्या पलीकडे गेली असावी असे पुढे चौकशीत निघाले. ते कोसळले तेव्हा तापलेल्या पत्र्याने त्यांचे पोट भाजले होते. ज्या माणसाचा उभा जन्म वाळवंटात गेला तो उष्माघाताने मेला, कारण वाळवंटात सावली शोधता येते आणि पत्र्याच्या पेटीचे दार बाहेरून लावलेले असते.

मृत्यूची चौकशी करणारे न्यायाधिकारी ॲलिस्टर होप यांनी २००९ साली निष्कर्ष दिला, की या मृत्यूस खाते, कंपनी आणि ते दोन नोकर या सर्वांनी हातभार लावला. तुरुंगांची स्वतंत्र पाहणी करणाऱ्या निरीक्षकाने या गाड्यांविषयी सरकारला आधीच सावध केले होते, हेही उघड होते. फौजदारी खटला भरण्याजोगा पुरावा नाही असे २०१० साली सरकारी अभियोक्त्याने ठरवले. मग कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा जो कायदा आहे, त्याखाली २०११ मध्ये खात्याला आणि कंपनीला प्रत्येकी दोन लाख पंच्याऐंशी हजार डॉलर दंड झाला. दोघा नोकरांना झालेला दंड काही हजारांचा. खात्याचा दंड म्हणजे काय, हे वाचकांनी मनात आणून पाहावे. सरकारने एका खिशातील पैसा काढून दुसऱ्या खिशात घातला. विधवा पत्नीला आणि मुलांना ३२ लाख डॉलर दिले गेले, पण ते देणे म्हणून नव्हे. त्या भाषेत या रकमेला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'कृपा म्हणून' असा होतो. रक्कम मोठी होती. शब्द मात्र लहान निघाला.

मला येथे आपल्या भाषेतला एक शब्द आठवतो. 'हवालदार' हा शब्द आपण रोज उच्चारतो. पण ज्याच्या हवाली काही केलेले आहे तो हवालदार, हे सहसा ध्यानात येत नाही. माल हवाली, किल्ला हवाली, माणूस हवाली. हवाला स्वीकारणारा माणूस कुणाच्या तरी वतीने तो स्वीकारतो, आणि त्याच्या मागे हवाला देणारी सत्ता उभी असते. ही साखळी शाबूत असेपर्यंत, हवालदार वाईट निघाला तरी, दाद कुठे मागायची हे ठाऊक असते.

साखळी तुटते ती मक्त्याने, आणि याचाही अनुभव आपल्या मुलखाला आहे. दुसऱ्या बाजीरावाने महाल मक्त्याने दिले. जो जास्त रक्कम कबूल करील त्याच्या हाती वसुली, आणि वसुलीबरोबर न्यायनिवाडाही. रयतेने मामलेदाराच्या जुलमाविरुद्ध तक्रार न्यायची कोणाकडे? पुण्याला गेली तर तेथे मक्त्याची रक्कम आधीच जमा झालेली. श्रीमंतांनी स्वतः कोणाला छळले नाही असे म्हणता येईल, आणि ते बहुधा खरेही ठरेल!

ठेक्याचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे मी टाकाऊ मानीत नाही. ते म्हणतात, पोलिसांच्या ताब्यात माणसे मरत नाहीत काय? मरतात, आपल्याकडे तर त्याची यादी लांब आहे. शिवाय पोलिसाचे खरे काम सोडून त्याला दिवसभर कैद्याबरोबर का हिंडवावे? ठरावात अटी घाला, चुकल्यास दंड लावा, देखरेख ठेवा. यात अशक्य असे काही नाही. परंतु अटी कोणत्या गोष्टींच्या घालण्याकडे सरकारचे मन ओढ घेते हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात ही पद्धत १९९३ साली प्रथम सुरू झाली, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतच ग्रूप फोर कंपनीच्या हातून अनेक कैदी निसटले. देशभर हसे झाले, मंत्र्यांना प्रश्न विचारले गेले. कैदी पळाला तर सरकारची अब्रू जाते. कैदी न्यायालयात उशिरा पोचला तर न्यायाधीश रागावतो. पण कैद्याला आत उकडले, तर उकडते फक्त कैद्याला. ज्या गोष्टीचा त्रास ठराव करणाऱ्या दोघांपैकी कोणालाच होत नाही, तिच्यावर देखरेख कोण ठेवणार? तिसरा माणूस पत्र्याच्या आड असतो, आणि ठरावावर त्याची सही नसते.

आत्याबाई आणि वॉर्ड यांच्यात येथे मोठा फरक पडतो. आत्याबाईंचे गुडघे अधू असले तरी त्यांच्यावर कोणी कुलूप घातले नव्हते. हाक मारता येत होती, दुसरी गाडी थांबवता येत होती. कैद्याचे दार उघडण्याचे सामर्थ्य राज्याने काढून घेतलेले असते. पाणी घेणे, सावलीत सरकणे, 'आता पुरे' म्हणणे, ही जी कामे प्रत्येक मनुष्य स्वतःसाठी करतो, ती सारी राज्याने बळाने आपल्याकडे घेतलेली असतात. घेतल्यावर ती करण्याचे ऋणही त्याच्याच माथी आले. ते काम चाकरीला ठेवलेल्या माणसाकडून करवून घ्या वा ठेकेदाराकडून. धनको बदलत नाही आणि ऋणकोही बदलत नाही.

मंत्र्याने काय प्रत्येक गाडीत बसावे, असे कोणी विचारील. नाही बसू शकत. म्हणून दोष आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत. दोष वाटला जातो. थोडा चालकाचा, थोडा कंपनीचा, थोडा गाडी दुरुस्त न करणाऱ्या खात्याचा. आणि हिस्सेदार वाढले की, भाऊबंदकीतल्या शेतीसारखे, प्रत्येकाच्या वाट्याला दोन काकऱ्या येतात. उत्तरदायित्वाचे तसे नाही. चौघांनी मिळून काढलेल्या कर्जाला प्रत्येक जण पुरा बांधलेला असतो, सावकार पावलीसाठी चौघांची दारे झिजवीत नाही. चालकांचा दोष सिद्ध झाला म्हणून राज्याचे उत्तर एका शब्दानेही कमी होत नाही.

आपण या बाबतीत फार पुढे आहोत अशा फुशारकीलाही जागा नाही. मीरतच्या पोलिसांनी एका सराफाचे सोने संशयावरून ठेवून घेतले, हेड कॉन्स्टेबलने ते लांबवले आणि तो पाकिस्तानात पळाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हलगर्जी झाली खरी, पण जप्ती हे सार्वभौम सत्तेचे काम, सबब राज्य भरपाईस बांधलेले नाही. गंमत पाहा. तिकडे काम सरकारचे राहिले नाही म्हणून हात झटकता येतात. इकडे ते फारच सरकारचे होते म्हणून झटकता आले! पुढे १९९३ साली, ओरिसातील एका आईच्या पत्रावरून चाललेल्या प्रकरणात, त्याच न्यायालयाने ताब्यातील मृत्यूबद्दल दीड लाख रुपये देवविले, आणि मूलभूत हक्काच्या भंगापुढे सार्वभौमत्वाची ढाल चालणार नाही असे म्हटले. रक्कम ऑस्ट्रेलियातल्या मानाने किरकोळ. पण ती देणे म्हणून दिली गेली. त्या आईला कोणाची कृपा स्वीकारावी लागली नाही.

मोटारवाल्याकडून मी अर्धे भाडे परत वसूल केले होते. ते पैसे वहिनींना देऊ केले, तेव्हा त्यांनी पाकिटाकडे पाहिलेसुद्धा नाही. मला राग आला होता. आणखी काय करावे माणसाने, असे वाटले होते. वर्षभराने, हे सारे वाचल्यावर, एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि आत्याबाईंपुढे बसून म्हटले, "त्या दिवशी मी स्वतः यायला हवं होतं. चूक माझी." वहिनी चहा गाळत होत्या, त्यांचा हात जरा थांबला. आत्याबाईंना ऐकू कमी येते. त्या म्हणाल्या, "कोण, तो मोटारीचा पोरगा? जाताना आपली पाण्याची बाटली माझ्यापाशी ठेवून गेला हो. त्याचं भाडं नीट दिलंत ना?"